कारखान्यामागचा डोंगर

सुटी जवळ आली की मराठी घरात आधी आठवणी निघतात. माथेरानची लाल माती, महाबळेश्वरचे धुके, भंडारदऱ्याचे पाणी. डोंगरात एखादी खोली मिळावी, खिडकीखाली ओढा वाहत असावा, सकाळचा चहा घेऊन त्या ओढ्याच्या कडेकडेने दोन तास भटकून यावे आणि दुपारी कोणी हाक मारीपर्यंत ताणून द्यावी. यापेक्षा जास्त कोणी फारसे मागत नाही. अडचण येते ती गाव बदलले की. नोकरीपायी ज्यांची बदली पुण्या-नाशिकहून थेट जयपूरला होते, आणि तीही विश्वकर्मा औद्योगिक क्षेत्रातल्या एखाद्या कारखान्यात, त्यांनी ओढा शोधायचा कुठे?

हे औद्योगिक क्षेत्र जयपूरच्या उत्तर अंगाला, सीकरकडे जाणाऱ्या महामार्गाला लागून पसरले आहे. स्थानिक लोक त्याला नुसते ‘व्हीकेआय’ म्हणतात. इथे रस्त्यांना नावे नाहीत, आकडे आहेत. रोड नंबर ५, रोड नंबर ९, रोड नंबर १४. बसचा कंडक्टरही याच आकड्यांनी हाका देतो. लोखंड, तारा, यंत्रांचे सुटे भाग, प्लास्टिक असे नाना उद्योग, फाटकापाशी उभे ट्रक, कडेला चहाच्या टपऱ्या. मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या घरात जातो आणि डांबरी रस्ता चपलेला चिकटू लागतो. अशा जागी डोंगरातल्या खोलीचे नाव काढणे म्हणजे थट्टाच वाटते.

पण याच रस्त्यांवर उभे राहून पूर्वेकडे मान वळवली की छपरांच्या वर अरवलीची एक रांग दिसते. उन्हाळ्यात ती तपकिरी, खडबडीत, कोणी न धुतलेल्या घोंगडीसारखी पडलेली असते. तिच्याकडे दुसऱ्यांदा पाहावेसे वाटत नाही. जुलैत चार चांगले पाऊस झाले की तीच रांग आठ दिवसांत ओळखू येत नाही. उतारांवरची धोकाची झाडे, म्हणजे आपल्याकडच्या धावड्याची चुलत भावंडे, एकदम पालवतात. खडकांच्या फटींतून पाणी झिरपू लागते. मोर दिवसाढवळ्या ओरडतात. जयपूरला वर्षाकाठी पाऊस होतो सहाशे-साडेसहाशे मिलिमीटर. महाबळेश्वरला पाच हजारांच्या वर होतो. म्हणजे महाबळेश्वरकर ज्याला पावसाची सुरुवात म्हणतील, तेवढ्यात जयपूरचे वर्ष संपते. म्हणूनच की काय, इथला माणूस त्या थोडक्या पाण्याचा सोहळा करतो.

सुटी अमावास्येची

राजस्थानातल्या जुन्या कारागिरांत अमावास्येला काम बंद ठेवण्याची रीत आहे. गवंडी त्या दिवशी थापी उचलत नाही, सुतार रंधा हाती घेत नाही. रविवारची सुटी साहेबाने आणली. ही त्याच्या कितीतरी आधीची. आणि या बारा अमावास्यांमध्ये एक लाडकी आहे, ती सावनातली हरियाली अमावास्या. त्या दिवशी बायकामुलांसह घराबाहेर पडायचे, डोंगर, बाग, कुंड गाठायचे, झोके बांधायचे, हिरवे लेऊन मिरवायचे. विश्वकर्म्याचे नाव लावणाऱ्या वसाहतीत कारागिरांची सुटी आणि डोंगराची हिरवळ एकाच तिथीला यावी, हा योग मोठा छान आहे.

मराठी पंचांग घेऊन बसणाऱ्याची इथे फसगत होते. उत्तरेकडचा महिना पौर्णिमेला संपतो, आपला अमावास्येला. त्यामुळे त्यांचा सावन आपल्या श्रावणाच्या पंधरा दिवस आधी लागतो आणि त्यांची हरियाली अमावास्या म्हणजे आपली आषाढातली दिव्यांची अवस. इकडे घरोघर समया-निरांजने चिंचेने घासून पाटावर मांडली जातात (आणि काही घरांत पुरुषमंडळी श्रावणाच्या धाकाने वेगळीच ‘तयारी’ करतात), त्याच दिवशी जयपूरकर डब्यांची गाठोडी घेऊन डोंगराची वाट धरतात.

या सहलीला जयपुरात ‘गोठ’ म्हणतात. शब्द गोष्ठीतून आलेला, तेव्हा त्यात गप्पा आल्याच. पण गोठीचा जीव असतो तो दाल-बाटी-चूरम्यात. जाड रव्याळ कणकेचे गोळे शेणीच्या निखाऱ्यात भाजायचे, राख झटकून तुपात बुडवायचे, पंचमेळ डाळीबरोबर कुस्करून खायचे. उरलेल्या बाट्या कुटून त्यात तूप-साखर घालून चूरमा वळायचा. खानदेशातल्या वाचकांना हे काही नवे नाही. वरण-बट्टीचा बेत शेतावर कसा रंगतो, ते जळगाव-धुळ्याकडे सांगावे लागत नाही. आपल्याकडचे कार्तिकातले आवळीभोजन किंवा थंडीतला हुरडा याच जातीचा. फरक एवढाच की आपल्या वनभोजनात झाड मध्यभागी असते, जयपूरच्या गोठीत पाणी. गलताजीचे कुंड, आमेरच्या वाटेवरची कनक घाटी, खोले के हनुमानजी, नाहरगढच्या उतारावरचे चरण मंदिर, या साऱ्या ठिकाणांचे पावसाळ्यात एकच आकर्षण असते. कुठूनतरी पाणी वाहताना दिसते आणि त्याचा आवाज ऐकू येतो.

राजाची डोंगरातली खोली

या डोंगरात विश्रांतीसाठी घर बांधावे, असे सगळ्यांत आधी वाटले ते सवाई जयसिंह दुसरे यांना. जयपूर शहर १७२७ मध्ये वसवल्यावर सात वर्षांनी, १७३४ मध्ये, त्यांनी शहराच्या डोक्यावर नाहरगढ बांधला. किल्ला म्हटला तरी त्यावर मोठी लढाई अशी झालीच नाही. तो शहराचा पहारेकरी होता आणि राजघराण्याची हवा खाण्याची जागाही. मूळ नाव सुदर्शनगढ. बांधकाम चालू असताना दिवसा उभारलेली भिंत रात्री पडायची म्हणे. मग नाहरसिंह भोमिया नावाच्या वीराच्या आत्म्याला वेगळे ठाणे करून दिले, तेव्हा कुठे काम पुढे सरकले, अशी कथा सांगतात. नाव मात्र त्याचेच राहिले. १८५७च्या धामधुमीत महाराजा रामसिंह यांनी इंग्रज कुटुंबांना याच गडावर आसरा दिला होता.

पुढे एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस सवाई माधोसिंह दुसरे यांनी गडावर माधवेंद्र भवन उभारले. नऊ राण्यांसाठी नऊ बिऱ्हाडे, सगळी एकाच नमुन्याची, आणि त्यांना जोडणाऱ्या अशा ओवऱ्या, की राजा कोणाकडे गेला ते इतर आठ जणींना कळू नये. मराठी डोळ्यांना ही एक राजेशाही चाळच वाटते, फक्त चाळीत कोण कोणाकडे गेले हे लपत नाही एवढेच. हेच माधोसिंह १९०२ मध्ये लंडनला सातव्या एडवर्डच्या राज्यारोहणासाठी निघाले, तेव्हा परक्या मुलखातले पाणी नको म्हणून चांदीच्या प्रचंड घागरींत गंगाजल भरून बोटीवर घेऊन गेले. त्या घागरी आजही जयपूरच्या सिटी पॅलेसमध्ये पाहायला मिळतात. पाण्याचे वेड त्या घराण्यात होतेच. ते भवनाच्या भिंतींवरच्या नक्षीत शोधू नये. गडाच्या उतारावर पाहावे.

नाहरगढावर विहीर खोदून पाणी लागण्यासारखी जमीन नाही. खाली कठीण, भेगाळलेला गारगोटीचा खडक आहे. तेव्हा जयसिंहाच्या माणसांनी पाणी वरून घ्यायचे ठरवले. आजूबाजूच्या उतारांवर दगड-चुन्याचे पाट बांधले. उतारावर पडलेला पाऊस या पाटांत उतरतो आणि पाट त्याला वळणावळणाने बावडीपर्यंत, म्हणजे पायऱ्यांच्या विहिरीपर्यंत, नेऊन सोडतात. इथल्या बावड्या राजस्थानातल्या इतर बावड्यांसारख्या रेखीव चौकोनी नाहीत. डोंगर जसा वळला तशा त्याही वळल्या आहेत. त्यामुळे त्यांच्या पायऱ्या एखाद्या लाटेसारख्या दिसतात. ‘रंग दे बसंती’ या २००६च्या चित्रपटात यांतली एक बावडी झळकली आणि तेव्हापासून तरुण मंडळी तिथे फोटोसाठी झुंबड करतात. पाणी त्या बावडीत येते कुठून, याकडे बहुतेकांची पाठ असते, कारण फोटोसाठी पाठ करूनच उभे राहावे लागते.

शेजारच्या जयगढावर हीच युक्ती आणखी मोठ्या मापाने केली आहे. सुमारे चार किलोमीटर लांबीचे पाट डोंगराच्या कुशीतून पाणी गोळा करीत येतात. वाटेत जागोजागी खड्डे ठेवले आहेत, त्यांत गाळ बसतो. पहिल्या पावसाचे घाण पाणी बाहेर काढून द्यायचे आणि मगचे स्वच्छ पाणी टाकीत घ्यायचे, अशी व्यवस्था. गडाच्या पोटात तीन टाक्या आहेत. त्यांतल्या सर्वांत मोठीचे छत ८१ खांबांवर पेललेले असून तिच्यात साठ लाख गॅलनच्या आसपास पाणी मावते. आणीबाणीच्या काळात, १९७६ मध्ये, सरकारने याच जयगढावर राजघराण्याचा खजिना शोधण्यासाठी महिनोन्‌महिने खोदाई केली होती. हाती काही लागले नाही.

ज्याला ओढ्याकाठची भटकंती हवी आहे त्याने हे पाट धरून चालावे. सह्याद्रीतल्यासारखा खळाळता, गुडघाभर ओढा इथे मिळणार नाही. तशी अपेक्षा ठेवून गेल्यास हिरमोड ठरलेला. इथले पाणी वीतभर रुंद, बोटभर खोल, पण पावणेतीनशेहून जास्त वर्षांपूर्वी कोणीतरी आखून दिलेल्या उताराने निमूट चाललेले असते. पावसाची सर येऊन गेल्यावर अर्ध्या तासाने त्याची बारीक कुजबुज सुरू होते. मुलांनी कागदाची होडी सोडली तर ती कुठे जाईल हे त्यांना आधीच दाखवता येते. कुठे पाट फुटलेला, कुठे झाडाच्या मुळाने उचकटलेला आढळतो, आणि तिथे पाणी कसे भरकटते तेही पाहण्यासारखे असते.

वर जायला गाडीरस्ता आहे, पण तो आमेरच्या बाजूने डोंगराला मोठा वळसा घालून येतो. जुनी वाट पायवाटेची. शहरातून ब्रह्मपुरीच्या बाजूला आले की नाहरगढ रस्त्याच्या टोकापासून दगडी फरसबंदीचा, नागमोडी चढ सुरू होतो. अंतर जेमतेम दोन किलोमीटर, चढ सुमारे दोनशे मीटरचा. आजीआजोबांनी थांबत थांबत चढला तरी तासाभरात होतो. या ब्रह्मपुरीचे मराठी माणसाशी जुने नाते आहे. जयसिंहाने यज्ञयागांसाठी आणि शास्त्रांसाठी ठिकठिकाणचे विद्वान बोलावून इथे वसवले. त्याचे गुरू रत्नाकर पौंडरिक हे महाराष्ट्रीय; त्यांची चित्रांनी भरलेली हवेली ब्रह्मपुरीत अजून उभी आहे. युक्लिडची भूमिती ‘रेखागणित’ या नावाने संस्कृतात आणणारे जगन्नाथ सम्राट हेही मूळचे महाराष्ट्रीयच, आणि तेही जयसिंहाच्याच पदरी. जवळच्या टेकडीवर गढ गणेशाचे देऊळ आहे. तिथला गणपती बालरूपातला, सोंड नसलेला. आपल्या घरच्या गणपतीशिवाय दुसरे रूप न पाहिलेल्या मुलांना हे दर्शन चांगलेच चकित करते.

डोंगराची दुसरी बाजू

आता याच रांगेच्या पश्चिम उताराची हकीगत. ती इतकी सुखाची नाही, पण कारखान्याच्या वस्तीत राहणाऱ्याला तीच जास्त जवळची आहे.

जैसल्या गावाजवळच्या डोंगरात एक प्रवाह उगम पावतो. त्याचे नाव द्रव्यवती. विश्वकर्मा क्षेत्राचा परिसर ओलांडून तो शहराच्या पश्चिम अंगाने दक्षिणेला वळतो, शास्त्रीनगरजवळ अमानीशाह या फकिराच्या दर्ग्यापाशी येतो, पुढे सांगानेर गाठतो आणि सुमारे ४७ किलोमीटरचा प्रवास करून ढूंढ नदीला मिळतो. एकोणिसाव्या शतकात महाराजा रामसिंहांच्या काळात याच प्रवाहावर बांध घालून जयपूर शहराला पिण्याचे पाणी पुरवले गेले. सांगानेरच्या छिपांनी आपले ठसे आणि रंग याच पाण्याच्या भरवशावर थाटले. ज्या सांगानेरी चादरी आणि ड्रेसची कापडे महाराष्ट्रातल्या घराघरांतल्या कपाटांत आहेत, त्यांच्या धुलाईचे हे पाणी.

मग शहर वाढले. कारखाने आले, वस्त्या आल्या, दोघांचे सांडपाणी आले. नदीचे नाव लोकांच्या तोंडून गेले आणि ‘अमानीशाह का नाला’ राहिले. नाला म्हटले की त्यात काहीही टाकायला मन कचरत नाही. जुलै १९८१ मध्ये जयपुरावर अभूतपूर्व पाऊस कोसळला आणि शहरात हाहाकार उडाला, तेव्हा पाण्याने आपल्या जुन्या वाटा दाखवून दिल्या. तरीही काठावर बांधकामे होत राहिली. २०१६ मध्ये द्रव्यवतीच्या पुनरुज्जीवनाचे मोठे काम जयपूर विकास प्राधिकरणाने हाती घेतले. सांडपाणी शुद्धीकरण केंद्रे, काँक्रीटचे काठ, फिरायला वाटा आणि बागा झाल्या. २०१८ मध्ये पहिल्या टप्प्याचे उद्‌घाटनही झाले. काही टप्प्यांत लोक सकाळी फिरायला येऊ लागले. मात्र काँक्रीटच्या तळावरून शुद्ध केलेले सांडपाणी वाहते, त्याला नदी म्हणावे की नाही यावर जयपुरात अजून दोन मते आहेत. नाव मात्र परत आले, ही गोष्ट लहान नाही.

एकाच डोंगरावर एकच पाऊस पडतो. गडाच्या बाजूला थेंबन्‌थेंब पाटाने धरून बावडीत नेला जातो आणि दुसऱ्या बाजूला तोच पाऊस कारखान्यांमागून जाताना ओळखू येईनासा होतो. एका रविवारी गडावरचा पाट आणि दुसऱ्या रविवारी द्रव्यवतीचा काठ, अशा दोन्ही भटकंत्या कुटुंबाने कराव्यात. मुलांना शाळेच्या पुस्तकातला ‘जलप्रदूषण’ हा धडा त्यानंतर पाठ करावा लागणार नाही. आणि प्रवाहांना अडवल्यावर काय होते, याचे जयपूरजवळचे उदाहरण फार ठसठशीत आहे. १९८२च्या आशियाई खेळांतल्या नौकानयनाच्या शर्यती शहरापासून तीसेक किलोमीटरवरच्या रामगढ तलावात झाल्या होत्या. ज्या ओढ्यांनी तो भरत असे त्यांच्या वाटेत बांध, शेते आणि अतिक्रमणे आली, आणि तो विस्तीर्ण तलाव कोरडा पडला. राजस्थान उच्च न्यायालयाला त्यात लक्ष घालावे लागले. जयपूर आज नळाचे पाणी पिते ते शंभर किलोमीटरहून दूरच्या बीसलपूर धरणाचे.

जाणाऱ्यांसाठी

डोंगरात राहायची खोली मिळेल का, हा प्रश्न प्रत्येकजण विचारतो. हा सारा भाग नाहरगढ अभयारण्याच्या आसपासचा. तिथे व्यावसायिक उपक्रम चालावेत की नाही, हा वाद २०२१ मध्ये राष्ट्रीय हरित लवादापर्यंत गेला. खरे सांगायचे तर तिथे मुक्कामाची सोय नसलेलीच बरी. खोल्या आल्या की जनरेटर येतो, जनरेटर आला की गाणी येतात आणि मग पाण्याची कुजबुज ऐकायला जायचे ते निमित्तच संपते. सकाळी जावे, दुपारी शिदोरी सोडावी, दिवे लागायच्या आत खाली यावे. एवढ्यात पुरेशी विश्रांती होते. ज्यांना चढ झेपत नाही त्यांनी विद्याधरनगरच्या बाजूला, डोंगराच्या पायथ्याशी असलेल्या किशनबागेत जावे. तिथल्या वाळूच्या टेकड्यांवर रोहिडा, खेजडी, फोग अशी मरुभूमीची झाडेझुडपे मुद्दाम वाढवून २०२१ मध्ये ही बाग लोकांसाठी खुली झाली आहे. व्हीकेआयहून ती सर्वांत जवळची.

दोन गोष्टींबाबत मात्र हयगय नको. ११ जुलै २०२१च्या संध्याकाळी आमेरसमोरच्या टेहळणी बुरुजावर पावसाची मजा लुटणाऱ्या लोकांवर वीज कोसळून किमान ११ जणांचा बळी गेला. ढग गडगडू लागले की बुरूज, कठडा, एकांडे झाड सोडून खाली उतरायला लागावे. फोटो राहिला तर राहू द्यावा. दुसरी गोष्ट, वाट सोडून उतारात शिरू नये. सप्टेंबर २०२४ मध्ये चरण मंदिराकडे निघालेले दोन तरुण भाऊ या डोंगरात हरवले. एकाचा मृतदेह मिळाला आणि दुसऱ्यासाठी दिवसेंदिवस शोधमोहीम चालली. शहर पायथ्याशी दिसते म्हणून डोंगर ओळखीचा होत नाही. झुडपे दाट, घळी फसव्या, आणि या जंगलात बिबटेही आहेत. निघताना घरी वाट सांगून जावे, गटाने चालावे, अभयारण्याच्या आतल्या वाटांसाठी वन खात्याकडे आधी चौकशी करावी. पायात रबरी चपला नकोत. ओल्या फरसबंदीवर त्या हमखास घसरतात. बावडीच्या पायऱ्यांवर शेवाळ असते, तिथे मुलांचा हात सोडू नये. माकडांसमोर पिशवी उघडू नये. बाटी भाजायचीच असेल तर ती जंगलात नव्हे, देवळांच्या आवारात ठरवून दिलेल्या जागी, आणि पत्रावळ्या-प्लास्टिक ज्या पिशवीतून नेले त्याच पिशवीतून परत आणावे. पाटात अडकलेली एक वेफरची पिशवी पुढच्या पन्नास फुटांचे पाणी वळवते, हे तिथे प्रत्यक्ष दिसते.

योग्य काळ जुलैच्या मध्यापासून सप्टेंबरच्या मध्यापर्यंतचा. १७ सप्टेंबरला विश्वकर्मा पूजा असते. आपण खंडेनवमीला अवजारे पुजतो, तसे अनेक कारखान्यांत त्या दिवशी यंत्रे पुसून, हारफुले वाहून थांबवली जातात. तोवर पाट बहुधा आटत आलेले असतात, पण बावडी भरलेली असते. आणि पहिली खेप हरियाली अमावास्येलाच करायची असेल तर मराठी कॅलेंडरात श्रावणाचे पान उघडू नये. आषाढातली दिव्यांची अवस पाहावी, आदल्या रात्री समया घासून ठेवाव्यात आणि पहाटे निघावे.